नाव एक, खण तीन

मागच्या अंकात या सदरात मी सहज एक ओळ लिहिली होती, की काही बँडांचं आणि त्यांच्या गाण्याचं नाव एकच असतं आणि त्या भानगडीत माझी अर्धी नोकरी गेली. त्या ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. पेटीच्या भात्याबद्दल विचारणाऱ्या साताऱ्याच्या काकांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरावा. दोघांनी ‘नाव छापू नका’ असं कळवलंय, तेव्हा सगळ्यांची नुसती गावंच देतेय.

नव्या वाचकांसाठी: मी एका रेडिओ केंद्राच्या ध्वनिसंग्रहात ३१ वर्षं कार्डं लिहिली. पोस्टकार्डापेक्षा जरा लहान, पिवळट जाड कागद, खाली मधोमध भोक आणि त्यातून गेलेली खणाची पितळी सळई. रेकॉर्ड आली की तिची कार्डं तीन खणांत जायची. एक कलाकाराच्या खणात, एक अल्बमच्या खणात, आणि गाणी असतील तेवढी गाण्यांच्या खणात. पाश्चात्त्य संगीताची कपाटं माझ्याकडे आली ती केवळ मला इंग्रजी टायपिंग येत होतं म्हणून. संगीत नंतर कळायला लागलं.

कोल्हापूरहून: ताई, तुम्ही लिहिलंत की लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचं ‘हाउसेस ऑफ द होली’ हे गाणं त्याच नावाच्या अल्बमवर आहे. माझ्याकडे तो अल्बम आहे. दोन्ही बाजू ऐकल्या, आठच्या आठ गाणी ऐकली. ते गाणं त्यात नाही. माझी रेकॉर्ड नकली आहे का?

रेकॉर्ड अस्सल आहे, चूक माझी आहे. पाठ असलेल्या गोष्टी तपासायच्या नाहीत ही खोड निवृत्त झाल्यावर लागली. अल्बम १९७३ चा. त्या नावाचं गाणं तेव्हाच रेकॉर्ड झालं होतं, पण अल्बममधून वगळलं. ते बाहेर आलं दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, ‘फिजिकल ग्राफिटी’ या दोन रेकॉर्डींच्या जोड-अल्बमवर. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं. त्याच बाजूला शेवटी ‘काश्मीर’ आहे, त्यामुळे पुष्कळांची सुई थेट तिथेच जाते आणि बिचारं पहिलं गाणं कुणाच्या लक्षात राहत नाही. (याच लेड झेपेलिनमधले गिटारवादक पेज आणि गायक प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेले होते.)

असं करणारे ते एकटे नाहीत. ‘द डोअर्स’चा ‘वेटिंग फॉर द सन’ हा अल्बम १९६८ चा. त्या नावाचं गाणं मिळतं १९७० च्या ‘मॉरिसन हॉटेल’वर. आणि ‘क्वीन’चा ‘शीअर हार्ट अटॅक’ १९७४ मध्ये आला, तेव्हा ते गाणं पुरं झालेलं नव्हतं. ते आलं १९७७ च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मध्ये, म्हणजे मध्ये तीन वर्षं गेली आणि दोन अल्बम होऊन गेले. बारसं करून ठेवलं आणि मूल नंतर झालं, असा प्रकार. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी तुमच्या बाजूचाच, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. तिथल्या त्याच्या शाळकरी बँडचं नाव होतं ‘द हेक्टिक्स’. त्या नावाचं गाणं मात्र मला कुठे सापडलेलं नाही.

तर कोल्हापूरकर, आभार. माझ्या हातचं कार्ड बरोबर होतं की नाही, ते बघायला आता तो खणच उरलेला नाही.

सांगलीहून: बँडचं नाव, अल्बमचं नाव आणि गाण्याचं नाव, तिन्ही एकच, असं उदाहरण कोणतं? आमच्या ग्रुपमध्ये पैज लागली आहे.

पैज किती रुपयांची ते लिहिलं असतंत तर उत्तर किती लांबवायचं ते ठरवता आलं असतं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण ‘ब्लॅक सॅबथ’चं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतली चार पोरं. आधी त्यांचं नाव होतं ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी. पण त्याच नावाचा दुसरा बँड इंग्लंडात आधीपासून वाजवत होता. पृथ्वी एकच असली तरी त्या नावाचे बँड दोन निघाले. त्यांच्या तालमीच्या जागेसमोर एक सिनेमागृह होतं आणि तिथे बोरिस कार्लॉफचा ‘ब्लॅक सॅबथ’ हा १९६३ चा भयपट लागला होता. बाहेर रांग. लोक पैसे मोजून घाबरायला जातात, हे बघून यांना वाटलं, मग संगीतही तसं का नको? त्या नावाचं गाणं बनलं, आणि पुढे गाण्याचं नाव बँडला चिकटलं. १३ फेब्रुवारी १९७० ला पहिला अल्बम आला, तो दिवस मुद्दाम निवडावा तसा शुक्रवार. अल्बमचं नाव ‘ब्लॅक सॅबथ’, पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ‘ब्लॅक सॅबथ’.

ते गाणं एकदा ऐकाच. आधी पाऊस पडतो, लांबून घंटा वाजते. मग गिटारवर तीनच सूर: सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. बस. आपल्याला तीव्र मध्यम म्हटलं की यमन आठवतो, संध्याकाळ, समई. युरोपात षड्जापासूनच्या याच अंतराला सैतानाचा सूर म्हणायचे. मी पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा खोलीत एकटीच होते, पंख्याचा आवाज येत होता, आणि खरं सांगते, उठून दरवाजा उघडून ठेवला. संपूर्ण अल्बम एका दिवसात वाजवून मोकळे झाले होते म्हणे. ऐकताना पटतं, त्यात थांबून विचार केलाय असं कुठे वाटत नाही, आणि तेच त्याचं बळ आहे.

आमच्या संग्रहातल्या शिपायाला मी एकदा सांगितलं, ‘ब्लॅक सॅबथच्या ब्लॅक सॅबथमधलं ब्लॅक सॅबथ काढ.’ तो म्हणाला, ‘बाई, कळलं एकदा सांगितलेलं.’

बाकीचे जलद सांगते. ‘मोटरहेड’ची गंमत अशी की ते गाणं आधी दुसऱ्याच बँडचं होतं. लेमी नावाचा गडी ‘हॉकविंड’मध्ये बेस गिटार वाजवायचा. त्याने लिहिलेलं ‘मोटरहेड’ १९७५ मध्ये हॉकविंडच्या एका सिंगलच्या, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला आलं. त्याच वर्षी कॅनडाच्या सीमेवर मादक पदार्थांवरून त्याला अटक झाली आणि बँडने त्याला काढून टाकलं. त्याने नवा बँड काढला. त्याला आधी जे नाव द्यायचं होतं ते या मासिकात छापता येणार नाही. मॅनेजरने समजावलं की असलं नाव घेऊन टीव्हीवर कुणी बोलावणार नाही. मग जुन्या बँडसाठी लिहिलेल्या शेवटच्या गाण्याचंच नाव त्याने उचललं. १९७७ मध्ये अल्बम आला ‘मोटरहेड’, त्यात गाणं ‘मोटरहेड’. नोकरी गेली, पण गाणं घेऊन गेला.

‘बॅड कंपनी’ (१९७४) आणि ‘आयर्न मेडन’ (१९८०) यांचंही तिन्ही सारखं. आयर्न मेडनचं ते गाणं पहिल्या अल्बमच्या अगदी शेवटी आहे. १९८७ मध्ये शेफील्डच्या ‘लिव्हिंग इन अ बॉक्स’ने ‘लिव्हिंग इन अ बॉक्स’ अल्बमवर ‘लिव्हिंग इन अ बॉक्स’ गायलं. मुंबईकरांना अर्थ सांगायची गरज नाही. अमेरिकेच्या ‘विल्को’ने २००९ मध्ये सरळ हात वर केले. अल्बमचं नाव ‘विल्को, अल्बम’, आणि गाण्याचं नाव ‘विल्को, गाणं’. या लोकांनी आमच्यासारख्यांचा विचार केला, देव त्यांचं भलं करो.

आणि पैजेत कुणी ‘पण हे सगळं रॉकवाल्यांनी सुरू केलं’ असं म्हणालं तर त्याला १९५५ सालची बो डिडलीची पहिली रेकॉर्ड दाखवा. गाणारा बो डिडली, गाणं ‘बो डिडली’, आणि गाण्यात तो गातोय तेही बो डिडलीबद्दलच.

वर्ध्याहून: मावशी, एकाच नावाची वेगवेगळी गाणी असतात त्यावर काही कायदा नाही का? दुसऱ्याचं नाव घेतलं तर दावा नाही लागत?

गाण्याच्या नावाचा नाही लागत. शीर्षक म्हणजे दोन-चार शब्द, आणि तेवढ्याला स्वामित्वहक्क मिळत नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘देसी बॉइज’ या सिनेमाच्या नावाच्या खटल्यात हेच सांगितलं, की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. चाल उचला, शब्द उचला, मग बघा. नाव मात्र कुणीही ठेवावं. बँडच्या नावाची गोष्ट निराळी. तो धंद्याचा ट्रेडमार्क होतो, त्यावर वकील लागतात.

या मोकळिकीचा फटका मला बसला तो १९८६ मध्ये. फरमाईशीचं एक पोस्टकार्ड आलं. लग्नाच्या वाढदिवसाला पत्नीसाठी ‘द पॉवर ऑफ लव्ह’ लावा, एवढंच. गायकाचं नाव नाही. गाण्यांच्या खणात त्या नावाची तीन कार्डं, तिन्ही एका वर्षाच्या आतली. लिव्हरपूलच्या ‘फ्रँकी गोज टु हॉलिवुड’चं, जे डिसेंबर १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. ह्यूई लुईस अँड द न्यूजचं, ‘बॅक टु द फ्यूचर’ सिनेमातलं, जे १९८५ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं. आणि जेनिफर रशचं, जे त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये पहिलं आलं आणि तिथली त्या वर्षातली सर्वाधिक खपाची सिंगल ठरलं. तीन गाणी, तीन चाली, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही.

सिनेमा गाजत होता म्हणून मी ह्यूई लुईस काढून दिला. पुढच्या आठवड्यात दुसरं पोस्टकार्ड. अक्षर तेच, पण या वेळी पेन दाबून लिहिलेलं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की आम्ही दोघं दिवा बारीक करून रेडिओपाशी बसलो होतो आणि तुम्ही वरात लावलीत. त्यांना जेनिफर रश हवी होती, उघडच आहे. ती पुढच्या गुरुवारी लावली. निवेदकाने दिलगिरी व्यक्त केली, कारण निवेदकानेच करायची असते. माझं नाव त्यात आलं नाही. पण तेव्हापासून मी त्या कार्डांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एकेक शब्द लिहून ठेवला: ‘नाताळ’, ‘सिनेमा’ आणि ‘बायको’.

नंतर १९९४ मध्ये सेलीन डिऑनचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ अमेरिकेत पहिलं आलं. मी चौथं कार्ड करायला बसले आणि ऐकल्यावर कळलं, हे तर ‘बायको’च! जेनिफर रशचंच गाणं, नव्याने गायलेलं. म्हणजे नाव एक पण गाणी तीन, आणि त्यातल्या एकाचे आवाज दोन. माझा घोटाळा ज्याला समजला त्याला आजची आंतरराष्ट्रीय क्रमांकांची पद्धत चटकन समजेल. गाण्याला, म्हणजे शब्द आणि चालीला, एक क्रमांक असतो. त्याची सुरुवात ‘टी’ने होते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगळा, बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. रश आणि डिऑन यांचा गाण्याचा क्रमांक एक, ध्वनिमुद्रणाचे दोन. लुईसचे दोन्ही वेगळे. संगणक ‘बायको’ असं लिहीत नाही, पण करतो तेच.

पुण्याहून, अकरावीतली वाचक: रेडिओहेड या बँडचं नाव कुठून आलं? माझा भाऊ म्हणतो त्याला काही अर्थ नाही.

भावाला सांग, अर्थ असो नसो, पत्ता आहे. ते आधी ‘ऑन अ फ्रायडे’ होते, कारण शाळेत तालीम शुक्रवारी असायची. १९९१ मध्ये मोठ्या कंपनीशी करार झाल्यावर कंपनी म्हणाली, हे नाव बदला. त्यांनी ‘टॉकिंग हेड्स’च्या १९८६ च्या ‘ट्रू स्टोरीज’ अल्बममधल्या ‘रेडिओ हेड’ या गाण्याचं नाव घेतलं आणि मधली जागा काढून टाकली. लेडी गागाचं नावही असंच क्वीनच्या ‘रेडिओ गा गा’वरून आलंय. रेडिओत आयुष्य काढलेल्या बाईला हे दोन्ही ऐकून बरं वाटतं.

दुसऱ्याच्या गाण्यावरून नाव घेतलेल्यांची यादी लांब आहे. ग्लासगोच्या ‘डीकन ब्लू’ने स्टीली डॅनच्या ‘डीकन ब्लूज’वरून घेतलं. अमेरिकेतल्या ‘डेथ कॅब फॉर क्युटी’चं नाव ‘बोन्झो डॉग डू-डा बँड’ या विनोदी मंडळींच्या १९६७ च्या गाण्यावरून आलंय. ते गाणं बीटल्सच्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ या टीव्हीपटात वाजतं, क्लबमध्ये, स्टेजवर नाचणाऱ्या बाईसह. इतकं वेडगळ नाव घेऊन पुढे इतकी उदास गाणी कशी केली त्यांनी, देव जाणे.

निपाणीहून: सगळ्यात प्रसिद्ध नाव घेतलंय ते रोलिंग स्टोन्सनी, हे खरं ना? की ते बॉब डिलनच्या गाण्यावरून?

खरं आहे, पण डिलनवरून नाही. डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ १९६५ चं, आणि स्टोन्स १९६२ पासून वाजवत होते. त्यांनी नाव घेतलं मडी वॉटर्सच्या १९५० च्या ‘रोलिन स्टोन’ या ब्लूज गाण्यावरून. कीथ रिचर्ड्सने सांगितलेली हकिगत अशी, की ब्रायन जोन्स एका संगीतविषयक पत्राला फोनवर कार्यक्रमाची जाहिरात देत होता. पलीकडून विचारलं, बँडचं नाव काय? नाव ठरलंच नव्हतं. जमिनीवर मडी वॉटर्सची एलपी पडली होती, तिच्यावर छापलेलं एक गाणं त्याने वाचून दाखवलं. फोनचा मीटर पडत असताना ठरलेलं नाव साठ वर्षांहून जास्त टिकलं.

पुढे १९६७ मध्ये त्या नावाचं मासिक निघालं, १९७२ मध्ये ‘द टेम्पटेशन्स’चं ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’ गाजलं. आणि १९९५ मध्ये स्वतः रोलिंग स्टोन्सनीच डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ गाऊन ठेवलं. ते कार्ड टाइप करताना मी दोनदा थांबून बघितलं, ओळ चुकून दोनदा तर मारली नाही ना.

मडगावहून, सॅक्सोफोनवादक: आमचा लग्नाकार्यांत वाजवणारा बँड दोन वर्षांपूर्वी फुटला. आता दोन्ही गट त्याच नावाने वाजवतात. लोक बोलावतात एकाला आणि येतो दुसरा. परदेशात अशा वेळी काय करतात?

बाब, परदेशातही भांडतातच. तुमच्या गोष्टीच्या जवळची एक सांगते. लीड्सचा ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा बँड, नाव लेनर्ड कोहेनच्या गाण्यावरून घेतलेलं. तो फुटला. बाहेर पडलेल्या दोघांनी नवा गट काढून त्याला नाव दिलं ‘द सिस्टरहुड’. मूळ गायक अँड्र्यू एल्ड्रिचला ते खपलं नाही. त्याने १९८६ मध्ये घाईने ‘द सिस्टरहुड’ याच नावाने स्वतःच एक सिंगल काढून टाकली. रेकॉर्ड आधी त्याची आली, म्हणून नाव त्याचं झालं. त्या दोघांना नवं नाव शोधावं लागलं, ते पुढे ‘द मिशन’ म्हणून चांगले चालले. एल्ड्रिचने ते नाव नंतर फारसं वापरलंच नाही. जमीन कसायची नव्हती, शेजाऱ्याला मिळू द्यायची नव्हती.

बहुतेक जण मात्र शेपूट जोडून मोकळे होतात. बर्मिंगहॅमचा ‘द बीट’ अमेरिकेत ‘द इंग्लिश बीट’ झाला, कारण तिथे पॉल कॉलिन्सचा ‘द बीट’ आधीच होता. ‘स्वेड’ला अमेरिकेत ‘द लंडन स्वेड’ व्हावं लागलं. ‘व्हर्व’ने त्याच नावाच्या जाझ कंपनीमुळे पुढे ‘द’ लावला. आणि ‘शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी’ या बँडने पहिला अल्बम त्या नावाने काढला, तर शिकागोच्या खऱ्याखुऱ्या परिवहन खात्याने डोळे वटारले. मग ते नुसते ‘शिकागो’ राहिले. आपल्याकडे कुणी बँडचं नाव ‘बेस्ट’ ठेवावं आणि आगारातून नोटीस यावी, तसं.

तुम्ही दोघांपैकी एकाने नावामागे वाड्याचं नाव जोडा. आणि खर्चाचं पान कोणाच्या वहीत आहे ते बघा, ज्याच्याकडे वही त्याच्याकडे बँड, असा माझा लग्नांतला अनुभव आहे.

लेस्टर, इंग्लंडहून: इथे वाढलेल्या माझ्या मुलीला ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं आवडतं. तिला सांगितलं की ती आपली आशाताई, तर तिचा विश्वास बसत नाही. तुम्ही लिहिलंत तर बसेल.

बाळ, आई खरं सांगतेय. ती आशा म्हणजे आशा भोसलेच, सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या. तुमच्याच लेस्टरशी घट्ट नातं असलेल्या ‘कॉर्नरशॉप’ या बँडने १९९७ मध्ये ते गाणं केलं, आणि नॉर्मन कुक या डीजेने त्याची लय वाढवून केलेलं रूप फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात पुन्हा पुन्हा येणारा ‘फॉर्टी-फाइव्ह’ म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. ‘आशा’ या शब्दाचा दुसरा अर्थही त्या नावात काठोकाठ भरलाय, तो तुझ्या आईला विचार. लंडनचा ‘बॉम्बे बायसिकल क्लब’ हा बँड मात्र मुंबईचा नाही, सायकलींचाही नाही. तिथल्या भारतीय उपाहारगृहांच्या एका साखळीचं ते नाव होतं. उपाहारगृहं बंद पडली, बँड चालू आहे.

डोंबिवलीहून: तुम्हाला कार्ड लिहिताना सगळ्यात जास्त छळ कोणी केला?

पीटर गॅब्रिएल. या इंग्रज गायकाचे पहिले चार अल्बम, १९७७, १९७८, १९८० आणि १९८२. चारींचं नाव ‘पीटर गॅब्रिएल’. म्हणे मासिकाच्या अंकांसारखं, मथळा तोच, मुखपृष्ठ वेगळं. कल्पना चांगली आहे, पण अंकावर महिना तरी छापतात! लोकांनी मुखपृष्ठावरूनच टोपणनावं पाडली: मोटारीचा, ओरखड्यांचा, वितळलेल्या चेहऱ्याचा. चौथ्याला अमेरिकेतल्या कंपनीनेच वैतागून वेगळं नाव चिकटवलं. मी त्या अनोळखी अधिकाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

नाशिकहून, कॉलेजचा बँड: मावशी, आम्ही पाच जण आहोत. नाव ‘निर्वाण’ ठेवायचं ठरलंय. सर म्हणतात, ते अमेरिकेच्या बँडचं आहे, केस होईल.

सरांना सांगा, ते नाव अमेरिकेच्या बँडच्याही आधी दुसऱ्याने घेतलं होतं. लंडनमध्ये साठच्या दशकात एक आयरिश आणि एक ग्रीक, पॅट्रिक कॅम्बेल-लायन्स आणि अलेक्स स्पायरोपूलोस, यांचा ‘निर्व्हाना’ होता. १९६७ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. त्यांचं ‘रेनबो चेझर’ मिळालं तर ऐका, आवाज गोल गोल फिरल्यासारखा वाटतो. वीस वर्षांनी सिएटलकडचा कर्ट कोबेनचा ‘निर्व्हाना’ जगभर झाला, तेव्हा या दोघांनी दावा लावला. १९९२ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं आणि दोन्ही बँडांनी तेच नाव कायम ठेवलं. पुढे लंडनवाल्यांनी गमतीने कोबेनचं ‘लिथियम’ गायलं. त्यामुळे ‘निर्व्हाना’ने गायलेलं ‘निर्व्हाना’चं गाणं असं एक कार्ड मला करता आलं असतं, पण ती रेकॉर्ड आमच्याकडे आलीच नाही.

मुळात शब्द आपला, बुद्धाचा. त्यावर कुणा एकाची मालकी नाही, पण बँड म्हणून भारतात कुणी नोंदवलंय का ते बघून घ्या. ट्रेडमार्कच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, मनोरंजनाचा वर्ग ४१ वा, रेकॉर्डींचा ९ वा. १९६५ मध्ये ‘द वॉरलॉक्स’ असं नाव अमेरिकेच्या दोन टोकांच्या दोन बँडांनी घेतलं होतं. नंतर एक झाला ‘ग्रेटफुल डेड’ आणि दुसरा ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’. पहिलं नाव गेल्याने दोघांचंही काही बिघडलं नाही, उलट.

नाव पक्कं झालं की कळवा. थोडी कोरी कार्डं मी निवृत्तीच्या दिवशी साहेबांना विचारून घरी आणली होती, त्यांवर आता वाण्याच्या याद्या लिहिते. एक तुमच्यासाठी ठेवलंय. फक्त पहिल्या गाण्याचं नावही ‘निर्वाण’च ठेवणार असाल, तर पत्रात तसं आधी सांगा, म्हणजे तीन ठेवते.